चेंडू हातात नसताना

कॉलेजात दर सामन्याला वीस-बावीस गुण करणाऱ्या मुलाला एनबीएच्या उंबरठ्यावर पहिलं काम मिळतं ते कोपऱ्यात उभं राहण्याचं. ही शिक्षा नव्हे. हे खरोखरीचं काम आहे, त्याला कसब लागतं, आणि भल्याभल्यांना ते जमत नाही.

हे बघायला जुलैतल्या लास वेगाससारखी जागा नाही. बाहेर ऊन असं की गाडीच्या दाराला हात लावायची सोय नाही. आत, नेवाडा विद्यापीठाच्या आवारातल्या एकमेकांना लागून असलेल्या दोन हॉलमध्ये, एनबीएच्या तिसही संघांची नवी पोरं समर लीग खेळत असतात. कुणी जूनच्या ड्राफ्टमध्ये निवडलेले, कुणी न निवडलेले, कुणी गेलं वर्ष बेंचवर काढून पुन्हा नशीब अजमावायला आलेले. एका तिकिटात दिवसभराचे सामने बघता येतात. गर्दी मोठ्या हॉलकडे, थॉमस अँड मॅक सेंटरकडे जाते. मी शेजारच्या कॉक्स पॅव्हिलियनमध्ये बसतो. तो इतका लहान आहे की बेंचवरचं बोलणं, शिव्यांसकट, ऐकू येतं. या लीगमध्ये एका खेळाडूला दहा फाउलपर्यंत सूट असते (कॉलेजात पाचव्या फाउलला बाहेर, एनबीएत सहाव्या), यावरूनच इथे काय दर्जाची धुमश्चक्री अपेक्षित आहे ते कळावं.

आधी कोपऱ्याचं माप. एनबीएची थ्री-पॉइंट लाइन समोरून बास्केटपासून 23 फूट 9 इंचांवर असते आणि कोपऱ्यात 22 फुटांवर येते. कोर्टाची रुंदी 50 फूट, त्यामुळे कोपऱ्यातली ही रेघ आणि बाजूची सीमारेषा यांच्यामध्ये उरते फक्त 3 फुटांची पट्टी. त्यात साडेसहा फुटी माणसाने फुटाहून लांब बूट घालून उभं राहायचं. पुढचं बोट रेघेवर आलं तर तीनाचे दोन होतात, मागची टाच सीमारेषेवर पडली तर चेंडूच जातो. कॉलेजात इथे चारेक इंच जास्त मिळतात. चार इंच काही फार नाहीत, पण पायांची सवय तेवढ्यावरच बसलेली असते. नवा मुलगा कोपऱ्यात पास घेताना खाली बघतो की नाही, एवढं पाहिलं तरी त्याचा उन्हाळा कसा गेला याचा अंदाज येतो.

आता एक चाल बघा. वर मधोमध पॉइंट गार्डकडे चेंडू आहे. उंच सेंटर येऊन त्याच्या डिफेंडरला आडवा उभा राहतो आणि लगेच वळून बास्केटकडे धावतो. आपला कॉलेजवीर उजव्या कोपऱ्यात. त्याला राखणाऱ्या माणसाची आता पंचाईत झालेली असते: धावत येणाऱ्या सेंटरला अडवायला मध्ये जायचं, की कोपऱ्यातल्याला सोडायचं नाही? ही पंचाईत टिकवून ठेवणं, हेच कोपऱ्यातल्या मुलाचं काम. आणि नेमकं इथेच तो चुकतो. तीन वर्षं प्रत्येक चाल त्याच्यासाठी आखलेली होती, त्यामुळे चेंडू पलीकडे दिसला की त्याचे पाय आपोआप तिकडे सरकतात. एक पाऊल, दोन पावलं. त्याच्यामागे त्याचा डिफेंडरही बास्केटजवळ येतो, आणि जो रस्ता मोकळा राहायला हवा होता तो बंद होतो. पॉइंट गार्डचा शॉट हुकतो. स्कोअरशीटवर चूक गार्डच्या नावावर. बेंचवरून मात्र ओरडा कोपऱ्यातल्याला.

समजा तो जागेवर थांबला आणि चेंडू आलाच, तर त्याच्याकडे साधारण अर्धा सेकंद असतो. प्रशिक्षक याला ‘पॉइंट फाइव्ह’ म्हणतात. मारायचा, पुढे द्यायचा, की धावून येणाऱ्याला चकवून आत घुसायचं, हे चेंडू हातात येण्याआधीच ठरलेलं हवं. कॉलेजात तो आधी चेंडू घ्यायचा, दोन-तीन वेळा जमिनीवर आपटायचा, समोरच्याचा अंदाज घ्यायचा. तिथे 30 सेकंदांचं शॉट क्लॉक होतं, इथे 24 चं. पण खरा फरक त्या सहा सेकंदांत नाही. समोरून झेपावणारा माणूस सात फुटी असतो, त्याचे हात त्याहून लांब असतात, आणि तोही उभ्या आयुष्यात आपल्या गावचा, आपल्या राज्याचा सर्वोत्तम खेळाडूच राहिलेला असतो.

गाजलेल्या मैफलीच्या गवयाला एके दिवशी मागे तानपुऱ्यावर बसवावं, तसं हे आहे. फक्त इथे मागे बसवलेला बेसूर झाला तर सामना हातचा जातो.

डिफेन्सची गोष्ट आणखी वेगळी. कॉलेजात उंच मुलाने बास्केटखाली तळ ठोकला तरी चालतं. एनबीएत 2001–02 च्या मोसमापासून नियम आहे की हाताच्या अंतरावरच्या कुणाला राखत नसाल, तर बास्केटसमोरच्या रंगवलेल्या पट्ट्यात तीन सेकंद थांबता येत नाही. आणि हा पट्टा कॉलेजात 12 फूट रुंद, इथे 16. म्हणून मुरलेले डिफेंडर मनातल्या मनात मोजत राहतात, तिसरा सेकंद भरायच्या आत एक पाय बाहेर टेकवतात आणि परत आत येतात. याला सरळ ‘टू-नाइन’ म्हणतात, म्हणजे दोन पूर्णांक नऊ दशांश सेकंद. समोर माणसं धावतायत, मागून कुणी ओरडतंय, आणि हा मोजतोय. समर लीगमध्ये या नियमाखाली शिट्टी वाजली की मुलगा पंचाकडे भाबडेपणाने बघतो. आपण केलं तरी काय, हे त्याला खरंच कळलेलं नसतं.

गुणांवरून या उडीचा अंदाज का बांधता येत नाही, ते पाहायचं तर 2011 चा ड्राफ्ट घ्यावा. त्या वर्षी कॉलेज बास्केटबॉलचा राजा होता ब्रिगहॅम यंग विद्यापीठाचा जिमर फ्रेडेट. सामन्याला सरासरी 28.9 गुण, देशात सर्वाधिक. तीस फुटांवरून, ड्रिबल करता करता, समोर माणूस असताना तो मारायचा आणि आत जायचा. त्याची निवड दहावी झाली आणि तो सॅक्रामेंटोकडे गेला. पाठोपाठ अकरावा क्ले थॉम्प्सन, वॉशिंग्टन स्टेटचा, गोल्डन स्टेटकडे. पंधरावा सॅन डिएगो स्टेटचा क्वाय लेनर्ड. कॉलेजच्या शेवटच्या मोसमात त्याचा थ्री-पॉइंट नेम 30 टक्क्यांच्या आत होता. तिसावा जिमी बटलर. आणि साठावा, म्हणजे अगदी शेवटचा, जेमतेम पावणेसहा फुटांचा आयझया थॉमस.

फ्रेडेटचं अपयश लोक फार सोप्या शब्दांत सांगतात: मोठ्या लीगमध्ये त्याचा शॉट चालला नाही. हे खोटं आहे. एनबीएतही त्याचा थ्री-पॉइंट नेम 37 टक्क्यांच्या आसपास राहिला, आणि तो चांगला मानला जातो. कसब त्याच्याबरोबर पुढे गेलं, काम गेलं नाही. चेंडू दिवसभर त्याच्या हातात ठेवावा इतका तो तिथे वरचढ नव्हता, आणि चेंडूशिवाय, विशेषतः डिफेन्समध्ये, द्यायला त्याच्याकडे फारसं काही नव्हतं. पुढे चीनमध्ये शांघायच्या संघाने त्याला ते जुनं काम परत दिलं, तेव्हा त्याने एका सामन्यात सत्तरहून अधिक गुण केले.

थॉम्प्सनचं उलट. डिसेंबर 2016 मध्ये इंडियानाविरुद्ध त्याने 29 मिनिटांत 60 गुण केले. त्या संपूर्ण सामन्यात चेंडू त्याच्या हातात होता सुमारे दीड मिनिट, आणि ड्रिबल केले 11. हे आकडे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा छापताना काहीतरी गडबड झाली असावी असंच वाटलं. साठ गुण करणारा माणूस उरलेला सगळा वेळ धावत होता, कुणाच्या तरी आडोशाने सुटत होता, पाय जुळवून तयार राहत होता. लेनर्डच्या शॉटवर सॅन अँटोनियोच्या प्रशिक्षकांनी चिकाटीने काम केलं. तोवर त्याला खेळवायला त्याचे हात आणि डिफेन्स पुरेसे होते. 2014 आणि 2019 अशा दोन अंतिम फेऱ्यांत तो सर्वोत्तम खेळाडू ठरला.

थॉमस मात्र माझा हा सगळा युक्तिवाद उधळून लावतो. 2016–17 मध्ये बॉस्टनकडून खेळताना त्याची सरासरी होती 28.9, म्हणजे फ्रेडेटने कॉलेजात गाठली तेवढीच, दशांशासकट. चेंडू त्याच्या हातात, डिफेन्स यथातथा, उंची सगळ्यांत कमी. असा एखादा निघतो. त्याच्या भरवशावर साठावी निवड करता येते, दहावी करू नये.

अलीकडे या उडीचं गणित पैशाने बदललंय. 2006 च्या ड्राफ्टपासून नियम असा की वय 19 आणि हायस्कूल संपून एक वर्ष झाल्याशिवाय अमेरिकन मुलाला ड्राफ्टमध्ये येता येत नाही. त्यामुळे हुशार पोरं एक वर्ष कॉलेजात काढून निघायची. मग जुलै 2021 पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातींतून कमावता येऊ लागलं, आणि 2025 पासून विद्यापीठं त्यांना थेट पैसे देऊ लागली. ड्राफ्टच्या तळाशी निवड होण्यापेक्षा आणखी एक वर्ष कॉलेजात राहणं आता कित्येकांना परवडतं. वाटेत विद्यापीठही बदलतात. एके ठिकाणी नायक, दुसरीकडे पाचवा माणूस. पोरं पैशांमागे पळतात म्हणून जुनेजाणते कुरकुरतात, पण या भटकंतीचा खेळाला फायदाच होतो असं मला वाटतं. कोपऱ्यात कसं उभं राहायचं ते बावीस वर्षांचा हा पाचवा माणूस आधीच शिकून आलेला असतो.

तरी निवडीत पुढे असतो एकोणीस वर्षांचाच, कारण संघ विकत घेतात तो त्याचा चोविसाव्या वर्षीचा खेळ. बावीस-तेवीसवाल्याला आज काय येतं त्याचेच पैसे मिळतात. एनबीए संघात जागा 15, आणि शिवाय तीन ‘टू-वे’ करार, ज्यात खेळाडू डेव्हलपमेंट लीग आणि मुख्य संघ यांच्यात ये-जा करतो आणि मुख्य संघाकडून जास्तीत जास्त 50 सामन्यांसाठी उपलब्ध असतो. कॉक्स पॅव्हिलियनमधल्या बहुतेकांची धडपड या तीन जागांसाठी असते. पण माझ्या आजूबाजूच्या खुर्च्यांवर परदेशी क्लबांचीही माणसं असतात, आणि ती चेंडूकडे क्वचितच बघतात. टाइमआउट झाला की त्यांची नजर बेंचकडे जाते: कोण ऐकतंय, कोण मोठ्या पडद्यावर स्वतःलाच शोधतंय. ज्यांना टू-वे मिळत नाही, त्यांचे एजंट मग अशाच माणसांना फोन लावतात. तिथे पगार बरा मिळतो, घर आणि कधी गाडीही मिळते, आणि चेंडूही पुन्हा हातात येतो.