नांव, साल आणि पान : निबंधांत आधार कसा द्यावा

मळवली स्थानकावर उतरून उत्तरेकडे गेलें कीं कार्ल्याचें लेणें लागतें आणि दक्षिणेकडे गेलें कीं भाज्याचें. कार्ल्याच्या चैत्यगृहांत अनेक खांबांवर ब्राह्मी अक्षरांत दात्यांचीं नांवें कोरलेलीं आहेत. धेनुकाकट येथील सिहधय नांवाच्या यवनानें हा खांब दिला, अशा अर्थाचा लेख त्यांपैकीं एकावर आहे. एवढें मोठें लेणें एकाच्याच द्रव्यानें झालें नाहीं. आणि ज्याचा खांब, त्याचें नांव त्या खांबावरच आहे. विद्यापीठासाठीं लिहिलेला निबंधहि असाच पुष्कळांच्या आधारावर उभा असतो. कोणता आधार कोणाचा, हें जागच्या जागीं सांगण्याची एक रीत म्हणजे लेखक-साल पद्धति.

रीत सोपी आहे. एखादी विद्यार्थिनी ह्या लेण्यांतील शिलालेखांवर लिहीत आहे असें समजूं. पश्चिम भारतांतील लेण्यांच्या शिलालेखांचा संग्रह जेम्स बर्जेस आणि पंडित भगवानलाल इंद्रजी ह्यांनीं १८८१ सालीं प्रसिद्ध केला. त्याचा आधार घेतल्यावर वाक्याच्या शेवटीं तिनें कंसांत ‘बर्जेस व इंद्रजी, १८८१’ एवढेंच लिहावें. विशिष्ट विधान घेतलें असेल किंवा शब्द जसेच्या तसे उतरले असतील, तर पुढें पृष्ठांकहि द्यावा. बाकीचा तपशील, म्हणजे ग्रंथाचें पूर्ण नांव, स्थळ व प्रकाशक, निबंधाच्या शेवटीं अकारविल्हे लावलेल्या सूचींत येतो. नियतकालिकांतील लेख असल्यास खंड आणि पृष्ठेंहि तेथें द्यावयाचीं. कंसांतलें प्रत्येक नांव सूचींत सांपडलें पाहिजे. आणि सूचींत असलेलें, पण निबंधांत कोठेंच न आलेलें पुस्तक काढून टाकलें पाहिजे.

ह्या पद्धतीचा आरंभ सामान्यतः हार्वर्डचे प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्स मार्क ह्यांच्या गोगलगाईवरील लेखापासून मानतात. तोहि १८८१ सालचाच. नांवाशेजारीं साल कां, हें कार्ल्याच्याच उदाहरणानें कळतें. फर्ग्युसन आणि बर्जेस ह्यांनीं १८८० सालच्या ग्रंथांत हें चैत्यगृह इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकांतलें मानलें. विद्या दहेजिया ह्यांनीं १९७२ सालच्या ग्रंथांत तें इसवी सनाच्या पहिल्या शतकांत आणलें. ‘विद्वानांच्या मतें’ एवढेंच लिहिलें तर वाचकाला दोहोंपैकीं कोणतें मत, हेंच समजत नाहीं. साल दिलें कीं मत किती जुनें आणि त्यानंतर कोणी फेरविचार केला काय, हें तो तत्काळ ताडूं शकतो.

प्रत्येक वाक्याला मात्र आधार नको. कार्लें मावळांत आहे, हें सर्वश्रुत आहे. परंतु नहपानाचा जांवई उषवदात ह्यानें वलूरक येथील लेण्यांत राहणाऱ्या भिक्षूंना करजिक नांवाचें गांव दिलें, हें शिलालेख वाचणाऱ्या पंडितांमुळेंच कळलें. म्हणून विद्यार्थिनीनें तें स्वतःच्या शब्दांत लिहिलें तरीहि आधार द्यावाच लागतो. शब्द बदलल्यानें शोध आपला होत नाहीं. फ्रेंच पंडित एमील सेनार ह्यांनीं ह्या लेखांचें वाचन ‘एपिग्राफिया इंडिका’च्या सातव्या खंडांत दिलें आहे. तो खंड न उघडतां, दुसऱ्याच्या पुस्तकांतून सेनारांचें वाचन घेतलें असेल, तर तसें स्पष्ट लिहावें आणि सूचींत जें पुस्तक हातांत होतें तेंच नोंदवावें. मधल्या लेखकानें उतरून घेतांना चूक केली असेल, तर ती कोठें शिरली हें त्यामुळेंच शोधतां येतें.

आपल्याकडील नांवांची अडचण निराळी आहे. लेण्यांच्या अभ्यासांत धर्मानंद कोसंबी आणि त्यांचे पुत्र दामोदर धर्मानंद कोसंबी, दोघांचेहि ग्रंथ लागतात. तेथें नुसतें ‘कोसंबी’ पुरत नाहीं, आद्याक्षरें द्यावीं लागतात. एकाच लेखकाचीं एकाच सालचीं दोन लेखनें असल्यास सालापुढें ‘अ’ आणि ‘ब’ लावतात. पुनर्मुद्रित प्रत वापरली असेल, तर मूळ सालहि सांगावें. नाहींतर १९६२ सालचें ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ वाचकाला कालपरवांचें वाटेल. लेखकाचें नांव नसलेल्या मजकुराला तो काढणाऱ्या संस्थेचें नांव चालतें.

ह्या नियमांकडे दुर्लक्ष झाल्यास शिक्षाहि आहे. विद्यापीठ अनुदान आयोगानें २०१८ सालीं केलेल्या विनियमांत प्रबंधांतील उसन्या मजकुराच्या प्रमाणावर शिक्षा ठरविल्या आहेत. दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाहीं. साठ टक्क्यांवर गेल्यास नोंदणीच रद्द होते. रीतसर आधार देऊन घेतलेलीं अवतरणें ह्या मोजणींतून वगळलीं आहेत.

परंतु शिक्षेची भीति हें कारण दुय्यम समजावें. १८८१ सालच्या त्या संग्रहावर दोन नांवें आहेत. भगवानलाल इंद्रजी हे जुनागढचे, डॉ. भाऊ दाजी ह्यांचे साहाय्यक म्हणून त्यांनीं शिलालेखांचे ठसे घेत देशभर प्रवास केला, आणि १८८४ सालीं लायडन विद्यापीठानें त्यांना सन्मान्य पदवी दिली. घाईनें लिहिणारा विद्यार्थी कंसांत ‘बर्जेस, १८८१’ एवढेंच लिहितो, तेव्हां एका शब्दाच्या आळसानें ह्या पंडिताचे श्रम पुसले जातात. त्याची वही पाहून लिहिणारा दुसरा विद्यार्थी तेंच करतो, आणि कांहीं वर्षांनीं दुसरें नांव होतें हें कोणाच्या लक्षांतहि राहत नाहीं. म्हणून वाचतांनाच मुखपृष्ठापुढील पानावरून लेखकांचीं सर्व नांवें, साल आणि वाचलेलें पान वहींत टिपून ठेवावें. निबंध देण्याच्या आदल्या रात्रीं तें शोधून सांपडत नाहीं.