हृदयाची खातेवही

मराठी नाटक-सिनेमांत हृदयविकाराचा झटका हा लेखकाचा फार मोठा आधार राहिला आहे. तार येते, वडील ती वाचतात, हात छातीकडे जातो आणि पडदा पडतो. मुलीने पळून जाऊन लग्न केले, भागीदाराने गंडवले, घरावर जप्ती आली, यांपैकी कोणतेही कारण पुरते. मी स्वतः कादंबऱ्या लिहीत असल्याने या सोयीचे मोल जाणतो. एका वाक्यात पात्र बाजूला होते आणि वाचक जाब विचारत नाही. कारण वाचकाच्याही मनात हेच असते की, हे दुखणे असे अवचितच येते, त्याला कोण काय करणार!

पाऊणशे वर्षांपूर्वी बऱ्याच डॉक्टरांचेही मत याहून फार वेगळे नव्हते. वय वाढले की रक्तदाब वाढायचाच, असे मानले जाई. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांची मार्च १९४४ मध्ये एका तरुण हृदयरोगतज्ज्ञाने, डॉ. हॉवर्ड ब्रुएन यांनी, तपासणी केली तेव्हा रक्तदाब १८६/१०८ भरला. अध्यक्षांचे नेहमीचे डॉक्टर मात्र वयाच्या मानाने प्रकृती उत्तम असल्याचे जगाला सांगत राहिले. १२ एप्रिल १९४५ रोजी रूझवेल्ट मेंदूतील रक्तस्रावाने गेले. त्या दुपारी रक्तदाबाची नोंद होती ३००/१९०. वय अवघे त्रेसष्ट. जगातल्या सर्वांत बलाढ्य देशाच्या प्रमुखासाठीही रक्तदाब उतरवणारे भरवशाचे औषध तेव्हा नव्हते. त्याहून मोठी अडचण अशी, की तो उतरवायला हवा याचीच अनेकांना खात्री नव्हती.

ती खात्री पटवली एका लहानशा गावातल्या लोकांनी. रूझवेल्ट यांच्यानंतर आलेल्या ट्रुमन यांनी १६ जून १९४८ रोजी राष्ट्रीय हृदय कायद्यावर सही केली आणि त्याच वर्षी बॉस्टनजवळच्या फ्रेमिंगहॅम या गावात एक काम सुरू झाले. गाव अठ्ठावीस हजार वस्तीचे. साधारण तिशी ते साठीतल्या गावकऱ्यांमधून नमुना निवडला गेला. त्यातले ४४६९ जण तयार झाले, ७४० जण आपणहून आले. एकूण ५२०९. त्यांत पुरुष २३३६ आणि स्त्रिया २८७३. बँकेत हयात घालवलेल्या माणसाला बेरीज जुळलेली पाहून बरे वाटते, पण इथे बेरजेपेक्षा मोठी गोष्ट दुसरीच आहे. या मंडळींपैकी बहुतेकांना काहीही झालेले नव्हते. डॉक्टर तोवर आजारी माणसाचा अभ्यास करीत, इथे धडधाकट माणसांचा सुरू झाला.

दर दोन वर्षांनी या लोकांनी यायचे. वजन, रक्तदाब, रक्ताची तपासणी, हृदयाचा आलेख, विडी-सिगारेटचे प्रमाण, सगळे टिपून ठेवायचे आणि वाट पाहायची. कोणाला झटका येतो, कोणाला येत नाही. उपचार होत नव्हते, पैसे मिळत नव्हते. तरी लोक येत राहिले. डॉ. थॉमस डॉबर यांनी हे काम अनेक वर्षे सांभाळले. १९६१ साली डॉ. विल्यम कॅनेल आणि सहकाऱ्यांनी पहिल्या सहा वर्षांचा हिशेब मांडला. उच्च रक्तदाब आणि रक्तातले जादा कोलेस्टेरॉल ज्यांना होते त्यांना हृदयविकार अधिक प्रमाणात झाला होता. आज कोपऱ्यावरचा केमिस्टही सहज उच्चारतो तो ‘रिस्क फॅक्टर’ हा शब्द त्या लेखापासून रुळला. धूम्रपान, बैठी राहणी, मधुमेह ही नावे त्याच वह्यांतून आगेमागे पक्की झाली. साठचे दशक संपताना सरकारने हा अभ्यास गुंडाळायचे ठरवले होते. डॉबर यांनी बाहेरून पैसा उभा केला म्हणून तो वाचला. १९७१ मध्ये मूळ मंडळींची मुले त्यात आली, २००२ मध्ये नातवंडे.

जोखीम म्हणजे काय, हे समजायला कर्ज विभागातली काही वर्षे उपयोगी पडतात. विशिष्ट प्रकारच्या शंभर कर्जदारांत साधारण किती जणांची खाती थकतील याचा अंदाज अनुभवी अधिकाऱ्याला असतो. नेमकी कोणाची थकतील, हे त्यालाही सांगता येत नाही. अनियमित उत्पन्न, अपुरे तारण, नावापुरता जामीनदार, यांतले एखादे वैगुण्य चालून जाते. तिन्ही एकत्र आली की फाइल बाजूला ठेवावी लागते. हृदयाचेही तसेच आहे. थोडा रक्तदाब, थोडी साखर, दिवसाला चार सिगारेटी, प्रत्येक गोष्ट सुटी पाहिली तर किरकोळ वाटते, एकत्र आल्यावर मात्र धोका कितीतरी वाढतो. विड्या ओढून नव्वदी गाठलेले आजोबा प्रत्येक घराण्यात एखादे असतातच आणि वादात त्यांचा दाखला हमखास दिला जातो. एक कर्ज विनातारण फिटले म्हणून कोणतीही बँक तारण घेणे सोडत नाही.

पण नोंदीवरून धोका कळला, तरी तो कमी केल्याने माणसे वाचतात का, हा प्रश्न उरतो. त्याचे उत्तर नुसत्या निरीक्षणातून मिळत नाही. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत डॉ. एडवर्ड फ्राइस यांनी अतिउच्च रक्तदाबाचे १४३ पुरुष निवडले. ७३ जणांना औषध दिले, ७० जणांना औषधासारखी दिसणारी निरुपयोगी गोळी. १९६७ मध्ये निष्कर्ष आले. नुसती गोळी घेणाऱ्यांत २७ जणांवर गंभीर प्रसंग ओढवले होते, औषध घेणाऱ्यांत दोघांवर. रूझवेल्ट यांच्या मृत्यूनंतर बावीस वर्षांनी, रक्तदाब हा वयाचा सहज धर्म नसून उतरवता येणारा धोका आहे, हे आकड्यांनी सिद्ध झाले.

आता आपल्याकडे वळू. फ्रेमिंगहॅमची मूळ माणसे जवळजवळ सगळी गोरी. त्यांचे आडाखे सदाशिव पेठेतल्या किंवा सांगोल्यातल्या माणसाला लागू पडतात का? मूळचे भारतीय आणि कॅनडात स्थायिक झालेले डॉ. सलीम युसुफ यांच्या नेतृत्वाखाली ५२ देशांत झटका आलेल्या सुमारे पंधरा हजार रुग्णांची जवळपास तितक्याच निरोगी लोकांशी तुलना झाली. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात धूम्रपान, रक्तातील चरबी, रक्तदाब, मधुमेह, सुटलेले पोट, मानसिक ताण, भाज्या-फळांचा अभाव, व्यायामाचा अभाव आणि मद्यपान यांचा हिशेब मांडल्यावर नव्वद टक्क्यांहून अधिक धोक्याचा उलगडा झाला. यादीत ताण आहे, म्हणजे नाटकातली ती तार अगदीच निर्दोष नाही. पण नऊ आरोपींतली ती एक.

याच माहितीवर आधारलेला २००७ चा एक लेख आपण अधिक जपून वाचावा. त्याचे पहिले लेखक नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातले डॉ. प्रशांत जोशी. भारत आणि शेजारच्या देशांत पहिला झटका येण्याचे सरासरी वय ५३ निघाले, इतर देशांत ते ५९ च्या आसपास. कारण रक्तात काही शाप आहे असे नव्हे. तेच धोके आपल्याला लवकर गाठतात, हे मुख्य. त्रेपन्नाव्या वर्षी घराचे हप्ते चालू असतात, धाकटी मुलगी कॉलेजात असते. तिथली सहा वर्षे म्हणजे एका कुटुंबाची सारी घडी.

‘मी तर सडपातळ आहे’ असे म्हणणाऱ्यांसाठी पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी एक गमतीदार पुरावा दिला आहे. ते आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये स्वतःचीच मापे छापली. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचा सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. वजनकाटा जे सांगत नाही ते पोटाचा घेर सांगतो.

बाकी राहतो पैशाचा प्रश्न. डॉ. डेनिस झेवियर आणि सहकाऱ्यांनी भारतातल्या ५० शहरांमधल्या ८९ रुग्णालयांतून २०,४६८ रुग्णांची माहिती जमवून २००८ मध्ये प्रसिद्ध केली. तीस दिवसांत गरिबांपैकी ८.२ टक्के दगावले, श्रीमंतांपैकी ५.५ टक्के. अँजिओप्लास्टी गरिबांत शंभरी दोघांची झाली, श्रीमंतांत पंधरा जणांची. मिळालेल्या उपचारांतला फरक हिशेबात धरला, की मृत्यूतला फरक उरत नव्हता. गरीब माणसाचे हृदय वेगळे नव्हते, त्याला मिळालेले उपचार वेगळे होते. महाराष्ट्रात २०१२ मध्ये जीवनदायी योजना आली. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते आणि तिच्यात हृदयाचे उपचार बसतात. आपल्या घरी कामाला येणाऱ्या बाईंना ती माहीत आहे का, हे विचारून पाहावे.

त्याच पाहणीतला आणखी एक आकडा गरीब-श्रीमंत सर्वांसाठी आहे. दुखणे सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोचेपर्यंतचा मध्यम वेळ ३६० मिनिटे. सहा तास! या सहा तासांत आपण काय करतो, ते मी जवळून पाहिले आहे. आमच्या एका शाखेतले हेडकॅशियर सकाळपासून छाती जड झाल्याचे सांगत होते. ‘गॅस झालाय’ म्हणून त्यांनी ओवा चावला, सोडा घेतला आणि कॅश टॅली करूनच उठले. जीव वाचला. पण हृदयाचा जो भाग त्या दिवशी रक्ताविना राहिला तो परत आला नाही. पुढे एक जिना चढायलाही ते दोनदा थांबत. छातीत दडपण, खांद्याकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ, घाम, धाप असे काही झाले तर ओवा नंतर, आधी ईसीजी. बायकांत तर कळ नसून नुसती मळमळ आणि गळून जाणे एवढेच असू शकते, आणि त्या ते अंगावर काढतात.

फ्रेमिंगहॅमच्या यादीत आरंभापासून स्त्रियांची संख्या पुरुषांपेक्षा जास्त होती. आपल्याकडे नवऱ्याच्या गोळ्यांच्या वेळा बायकोला पाठ असतात, तिचा स्वतःचा रक्तदाब शेवटचा कधी मोजला ते मात्र घरात कोणालाच आठवत नाही. आज रविवार आहे, सगळे घरी आहेत. एक साधी वही घ्यावी, घरातल्या प्रत्येकाचे पान करावे आणि पहिले पान आईचे असावे.