जालना ते नाशिक : उतरत-उतरत प्रवासाचं गणित

मित्रांनो, परीक्षा संपली, सबमिशन झालं की आपल्या हॉस्टेलवर पहिली चर्चा रंगते ती फिरायला जायची. "नाशिकला जाऊ, वाटेत दौलताबाद करू, मनमाडला उतरून अंकाई-टंकाई चढू आणि सोमवारी पहिल्या लेक्चरच्या आत परत!" बोलायला एवढं पुरतं. पण तिकीट कुठून कुठपर्यंतचं काढायचं, हे विचारलं की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. मग कागद-पेन माझ्याकडे येतं. त्या कागदावरचं गणित आज तुमच्यासमोर मांडतोय.

आधी अंतर

जालना मनमाड-सिकंदराबाद मार्गावर आहे. निजामाच्या काळातला हा मीटरगेज मार्ग १९९० च्या दशकापासून टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेज झाला. जालन्याहून छत्रपती संभाजीनगर साधारण ६३ किलोमीटर, मनमाड पावणेदोनशेच्या आसपास आणि तिथून नाशिक रोड आणखी ७३. सगळं मिळून अडीचशेच्या घरात. गाडी शोधताना एक लक्षात ठेवा. औरंगाबाद स्थानकाचं नाव ऑक्टोबर २०२५ मध्ये बदललं आणि कोडही 'एडब्ल्यूबी' जाऊन 'सीपीएसएन' आला. आपल्या जालन्याचा कोड मात्र नुसता 'जे'. एका अक्षराची मिजास!

एकच तिकीट चालेल का?

बऱ्याच जणांना वाटतं की जालना-नाशिक तिकीट काढलं की वाटेत कुठेही उतरावं, हिंडावं आणि पुढच्या गाडीत बसावं. तसं नाही. वाटेत मुक्काम करण्याची सवलत फक्त ५०० किलोमीटरपेक्षा जास्त लांबीच्या तिकिटावर असते, आणि पहिले ५०० किलोमीटर कापल्याशिवाय ती वापरता येत नाही. जालना-मुंबईसुद्धा ५०० भरत नाही, तर नाशिकचं काय घेऊन बसलात! पुढची जोडगाडी पकडण्यासाठी जंक्शनवर थांबणं वेगळं, किल्ला बघायला बाहेर पडणं वेगळं. त्या जुन्या तिकिटावर पुन्हा गाडीत बसलात तर तुम्ही विनातिकीट. भाडं अधिक किमान २५० रुपये दंड.

म्हणजे प्रत्येक टप्प्याचं तिकीट वेगळं. इथे खिशाचा प्रश्न येतो. रेल्वेचं भाडं अंतर वाढेल तसं दर किलोमीटरला कमी होत जातं, त्यामुळे तुकड्यांची बेरीज सरळ तिकिटापेक्षा जास्तच भरते. प्रत्येक थांब्याची ही किंमत आधीच हिशोबात धरा.

जनरल तिकिटाचेही नियम आहेत. १९९ किलोमीटरपर्यंतचं तिकीट काढल्यावर तीन तासांत किंवा तिकडे जाणारी पहिली गाडी सुटेपर्यंत, यांतलं जे उशिराचं असेल तोवर प्रवास सुरू करावा लागतो. मनमाड या मर्यादेत बसतं. पॅसेंजरचं तिकीट एक्सप्रेसला चालत नाही, सुपरफास्टला वर अधिभार लागतो आणि जनशताब्दी, वंदे भारत यांत तर आरक्षणाशिवाय पाय ठेवायचा नाही.

उशीर धरूनच चला

मनमाड-परभणी मार्गाचा बराच भाग अजून एकेरी आहे. समोरून गाडी आली की आपली गाडी एखाद्या लहान स्थानकात क्रॉसिंगला उभी! संभाजीनगर-परभणी दुपदरीकरणाला केंद्रीय मंत्रिमंडळाने जुलै २०२५ मध्ये मंजुरी दिली, पण मंजुरीवरून गाडी धावत नाही.

आता आपल्या भाषेत बोलू. समजा, एक गाडी ठरल्या वेळी मिळण्याची शक्यता ८० टक्के आहे. लागोपाठ तीन गाड्या वेळेवर मिळण्याची शक्यता किती? ०.८ चा घन, म्हणजे साधारण ५१ टक्के. नाणं उडवल्यासारखंच की! बीम डिझाइन करताना आपण फॅक्टर ऑफ सेफ्टी घेतो, मग ट्रिपला का नाही? दोन गाड्यांमध्ये निदान दोन तास मोकळे ठेवा, आणि तेही मोठ्या स्थानकात, जिथे चहा, पाणी, पंखा आणि एसटीचा पर्याय असतो.

योजना उलटी लावा

सगळ्यात महत्त्वाचं सांगतो. कागदावर पहिली ओळ परतीच्या गाडीची लिहायची. तिचंच आरक्षण आधी करायचं. मध्यरात्रीनंतर येणारी गाडी असेल तर तारीख नीट बघा. रविवारी रात्री साडेबारा म्हणजे रेल्वेच्या लेखी सोमवार.

मग मागे मागे या. दौलताबादला स्थानक आहे, पण तिथे मोजक्याच गाड्या थांबतात आणि किल्लाही स्थानकापासून दूर. म्हणून शनिवारी सकाळी संभाजीनगरला उतरून वेरूळच्या रस्त्याची एसटी धरलेली बरी. (किल्ल्याऐवजी वेरूळ करणार असाल तर मंगळवार टाळा, त्या दिवशी लेणी बंद असतात.) संध्याकाळच्या गाडीने मनमाड, तिथेच मुक्काम. रविवारी पहाटे मनमाड-येवला रस्त्याने अंकाई-टंकाई. टंकाईच्या पोटात जैन लेणी आहेत, अंकाईवर अगस्ती ऋषींचं मंदिर. दुपारी नाशिक रोड आणि रात्री परतीची गाडी.

या कागदावर शेवटची एक ओळ हवीच : "उशीर झाला तर कोणता थांबा सोडायचा?" उदाहरणार्थ, रविवारी दोनपर्यंत मनमाड स्थानकात पोचलो नाही तर नाशिक रद्द, मनमाडहूनच परत. त्यासाठी परतीची गाडी मनमाडला थांबते का आणि किती वाजता, हे कागदावर आधीच टिपून ठेवा. हे सगळं निघण्याआधी, सगळ्यांसमोर ठरवायचं. फलाटावर ठरवायला गेलात की दहा जणांची पंधरा मतं होतात, आवाज मोठा असलेल्याचं चालतं आणि शेवटी जादा भाड्याचा भार ज्याला घरून मोजून पैसे येतात त्यालाच जड जातो. तो बिचारा बोलतही नाही, पुढच्या ट्रिपला "मला काम आहे" म्हणून मागे राहतो, एवढंच. एक थांबा सुटला तर किल्ला पुढच्या वर्षीही तिथेच असेल. मित्र मागे राहायला नको.

तेव्हा मंडळी, येत्या सुट्टीत कागद घ्या, परतीची ओळ आधी लिहा आणि गाडीची वेळ निघण्याच्या आदल्या दिवशी पुन्हा तपासा. शुभ यात्रा!