पहारा निजवणारी सुई

मे २०२१. कोरोनाची दुसरी लाट भरात असतानाच कल्याण-डोंबिवलीत नवी धास्ती पसरली. म्हारळचा एक आणि डोंबिवलीचा एक, असे दोन रुग्ण ‘म्युकर’ या बुरशीच्या संसर्गाने दगावले, आणखी काहींवर उपचार चालू होते. गालावर सूज, लालबुंद डोळा, टाळूवर काळा चट्टा ही लक्षणं घरोघरी पाठ झाली. ॲम्फोटेरिसिन-बी या इंजेक्शनसाठी नातेवाईक शहरभर वणवण फिरले. २० मे रोजी केंद्र सरकारने राज्यांना हा आजार साथरोग कायद्याखाली नोंदवायला सांगितलं.

ही बुरशी काही परदेशातून आली नव्हती. शिळ्या पावावर, ओल्या मातीत, सडक्या पाल्यात ती कायमच असते. तिचे बीजाणू रोज आपल्या श्वासात जातात आणि पांढऱ्या पेशी त्यांचा फडशा पाडतात. मग तेव्हाच ती एवढी का माजली? कोरोना होता, मधुमेह होता आणि त्यात भर पडली कोरोनावर दिलेल्या स्टिरॉइडची.

मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक बनवतात. स्टिरॉइडची औषधं ही त्याचीच कृत्रिम, कितीतरी जोरकस भावंडं. १९४८ साली अमेरिकेच्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताने जखडलेल्या एका महिलेला कॉर्टिसॉलचंच भावंड असलेलं कॉर्टिसोन टोचलं आणि काही दिवसांत ती चालू लागली. या संप्रेरकांवरच्या कामासाठी १९५० साली हेंच यांच्यासह केंडाल आणि राइखश्टाइन या संशोधकांना नोबेल मिळालं. त्या सुईने संधिवाताचं मूळ उपटलं नव्हतं, दाह शमवला होता. दाह म्हणजे पेशींनी एकमेकींना घातलेली हाक. स्टिरॉइड ती हाकच दाबतं. पांढऱ्या पेशी संसर्गाच्या जागी कमी पोहोचतात, गिळलेले जंतू मारण्याची त्यांची ताकद घटते. त्यात यकृत जादा साखर सोडतं आणि इन्सुलिनचा प्रभाव मंदावतो. बुरशीला पहारा सुस्तावलेला मिळतो आणि वर गोड खुराकही.

म्हणून औषध वाईट ठरत नाही. जून २०२०मध्ये ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ चाचणीने दाखवून दिलं, की डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १० दिवस दिल्यास व्हेंटिलेटरवरच्या कोरोना रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटतात. ऑक्सिजनची गरज नसलेल्यांना मात्र त्याचा फायदा दिसला नाही. कोणाला, किती आणि किती दिवस, या तीन प्रश्नांतच औषधाचं पथ्य आहे. दुसऱ्या लाटेच्या धांदलीत ते अनेक ठिकाणी सुटलं.

म्युकर बाहेरून आत शिरतो. काही जंतू मात्र आधीच आत दबा धरून असतात. क्षयाचा जंतू फुप्फुसात पेशींच्या कोंडाळ्यात वर्षानुवर्षं निपचित पडून राहतो. भारतात १५ वर्षांवरच्या साधारण तिघांपैकी एकात असा सुप्त संसर्ग असल्याचं राष्ट्रीय पाहणीत आढळलं. बहुतेकांना जन्मभर काहीच होत नाही. पण रोज १५ मिलिग्रॅम किंवा अधिक प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड महिनाभर चाललं, तर ते कोंडाळं सैल पडण्याचा धोका वाढतो.

स्टिरॉइड दबा धरलेल्या जंतूला जागं करतं का, हा प्रश्न अमेरिका-युरोपात लाइम आजाराबाबत विचारला जातो. गोचिडीच्या चाव्यातून शरीरात येणारा बोरेलिया हा मळसूत्रासारखा जंतू सांध्यांत ठाण मांडू शकतो. कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी जुना संसर्ग असलेल्या, पण वरकरणी ठणठणीत कुत्र्यांना प्रेडनिसोन हे स्टिरॉइड दिलं. प्रतिजैविक न मिळालेल्या कुत्र्यांचे सांधे पुन्हा सुजले. प्रतिजैविक मिळालेल्यांचे सुजले नाहीत. प्रयोग मोजक्या प्राण्यांवरचा, पण बोलका आहे. स्टिरॉइडने लाइम होत नाही, पण उपचारावाचून राहिलेला लाइम त्याने उफाळून येऊ शकतो. म्हणूनच लाइमने सुजलेल्या गुडघ्यात प्रतिजैविकांआधी स्टिरॉइड टोचू नये, असं तज्ज्ञ सांगतात.

आपल्याकडे लाइम क्वचितच आढळतो. गुडघे मात्र घरोघरी दुखतात. स्टेशनचे जिने चढून टेकीला आलेला माणूस दवाखान्यात ‘एक सुई द्या, उद्या कामावर जायचंय’ म्हणतो. त्याची घाई खरी असते, वेदनाही खरी असते. तरी हात पुढे करण्याआधी त्याने विचारावं: यात स्टिरॉइड आहे का? सांध्यात जंतुसंसर्ग नाही ना? मधुमेह असेल तर तो सांगावा, कारण सांध्यात दिलेल्या सुईनेही काही दिवस साखर चढते. स्वतःला किंवा घरात कुणाला क्षय झाला असेल तर तेही लपवू नये. जुनी चिठ्ठी दाखवून दुकानातून परस्पर गोळ्या आणू नयेत. आणि बरेच दिवस चालू असलेलं स्टिरॉइड भीतीपोटी एकदम थांबवू नये. सुस्तावलेल्या अधिवृक्क ग्रंथींना पुन्हा कॉर्टिसॉल बनवायला वेळ लागतो. मात्रा डॉक्टरांनीच हळूहळू उतरवायची असते.

दुखणं थांबलं म्हणजे रोग गेला, असं आपल्याला वाटतं. कधीकधी फक्त हाक थांबलेली असते. ती कशासाठी घातली होती, हे सुई टोचण्याआधी शोधायला हवं.