पीतबिंदू आणि झेंडू

गेल्या दसऱ्याला भिंगारच्या बाजारातून झेंडू आणला. आप्पा दाराला तोरण बांधता बांधता म्हणाले, "चौकट वाकलीय का रे?" चौकट सरळच होती. डॉक्टरांनी सांगितलं, वयोमानानुसार पीतबिंदूची झीज सुरू झाली आहे. पीतबिंदू म्हणजे दृष्टिपटलाचा मधला भाग. वाचणं, चेहरा ओळखणं त्याच्याच जोरावर.

शेजाऱ्यांनी गाजराचा रस सुचवला. एका नातेवाइकाने बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या आणून दिल्या. मी वाचायला बसलो.

कॅरोटिनॉइड ही वनस्पतींची पिवळी, नारिंगी, तांबडी रंगद्रव्यं. ती पानांना प्रकाश टिपायला मदत करतात आणि जादा प्रकाशापासून वाचवतात. आपलं शरीर ती तयार करू शकत नाही. गाजरातल्या बीटा-कॅरोटीनपासून 'अ' जीवनसत्त्व बनतं. ते कमी पडलं की रातांधळेपणा येतो. आप्पांचा विकार मात्र वेगळा. पीतबिंदूचा पिवळेपणा ल्युटीन आणि झियाझँथिन यांचा असतो. ही द्रव्यं निळा प्रकाश गाळतात. त्यांचं 'अ' जीवनसत्त्व होत नाही. गोळ्यांतलं ल्युटीन बहुधा झेंडूच्या पाकळ्यांतूनच काढतात. मेथी, पालक, शेपूतही ते भरपूर असतं, फक्त हिरव्या रंगाखाली झाकलेलं. ते स्निग्धात विरघळतं, म्हणून भाजीला तेलाची फोडणी हवीच. अंड्याच्या बलकातलंही अंगी चांगलं लागतं.

पुढचं वाचून मात्र मी दचकलो. आप्पांनी चाळीस वर्षं बिडी ओढली आहे. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या सुमारे २९,००० पुरुषांवर झालेल्या चाचणीत, १९९४ साली, बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त आढळला. २०१३ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या नेत्रचाचणीतही पूर्वी धूम्रपान केलेल्यांत तोच धोका दिसला. त्यानंतर अशा गोळ्यांत बीटा-कॅरोटीनऐवजी १० मिलिग्रॅम ल्युटीन आणि २ मिलिग्रॅम झियाझँथिन सुचवलं गेलं. धोका गोळीतल्या मोठ्या मात्रेचा. जेवणातल्या गाजराचा नव्हे.

या गोळ्या गेलेली दृष्टी परत आणत नाहीत. विकार मधल्या टप्प्यावर असेल, तर पुढची झीज मंदावू शकते. म्हणून आणलेल्या गोळ्या परत केल्या आणि डॉक्टरांना विचारूनच पुढचं ठरवलं.

आप्पांनी बिडी सोडली आहे. जेवताना ते रोज एका डोळ्यावर हात ठेवून समोरची चौकट बघतात आणि सांगतात, "आज कालच्याइतकीच वाकडी." तेवढ्यानेही आम्हाला बरं वाटतं.