पुरोगामी म्हणजे नक्की कोण?



'पुरोगामी महाराष्ट्र' हे शब्द आपण इतक्या वेळा ऐकतो की त्यांचा अर्थ विचारायचं राहूनच जातं. इथे वाढलेल्या आपल्या मुलांनी विचारलं, तर काय सांगाल?

शब्दाचा अर्थ सोपा आहे: पुढे जाणारा. त्याच्या उलट प्रतिगामी. पण पुढे म्हणजे कुठे, हे शब्द सांगत नाही आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

राजकारणाने तर हा शब्द पाटीसारखा वापरला. १९७८ साली शरद पवार प्रथम मुख्यमंत्री झाले ते 'पुरोगामी लोकशाही दला'चे. त्या सरकारात शेतकरी कामगार पक्ष होता आणि जनता पक्षातून आलेले जुने जनसंघीयही होते! पुढे २००४ ते २०१४ या काळात दिल्लीत 'संयुक्त पुरोगामी आघाडी'चं सरकार होतं. पाटीवरून आतला माल ओळखावा, अशी सोय इथे नाही.

मग शब्द पोकळच का? तसंही नाही. जुन्या काळात डोकावून पाहू. १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली. १९०२ मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवल्या. १९२७ मध्ये डॉ. आंबेडकरांनी महाडला चवदार तळ्याचं पाणी सर्वांसाठी खुलं असल्याचं प्रत्यक्ष पिऊन दाखवलं. तिन्ही गोष्टींत एक धागा आहे: जन्मामुळे बंद झालेलं दार उघडणं.

पण एकाच माणसाने सगळीच दारं उघडली असं होत नाही. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने मुलींचं संमतिवय १० वरून १२ वर्षं केलं. आगरकर त्याच्या बाजूने, तर टिळक विरोधात. परक्या सरकारने आपल्या चालीरीतींत हात घालू नये, असं टिळकांचं म्हणणं. स्वराज्याच्या लढ्यात टिळक पुढे, सामाजिक सुधारणेत आगरकर पुढे. दोघांना एकाच मापाने कसं मोजणार?

तिसरी बाजू श्रमाची. मुहैस्नाहच्या आपल्या मंडळींना ही लवकर पटेल, कारण सोनापूरच्या कामगार वसाहती आपल्या शेजारीच आहेत. सत्यशोधक चळवळीतले नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली. त्यांच्या प्रयत्नांनी १८९० मध्ये गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली. आठवड्याच्या सुट्टीची किंमत दूरदेशी राबणाऱ्याला वेगळी सांगावी लागत नाही.

म्हणून वाटतं, 'हा माणूस पुरोगामी आहे का?' यापेक्षा 'हा निर्णय पुरोगामी आहे का?' हा प्रश्न बरा. त्याने कोणाचं दार उघडलं आणि कोण बाहेर राहिलं, एवढं पाहिलं की उत्तर बरंच स्पष्ट होतं.

हेच माप आपल्या घरालाही लावता येईल. फुले जयंतीला हार घालणारे आपण मुलामुलींची स्थळं पाहताना पहिला रकाना कुठला वाचतो? परदेशात येऊन आपण अंतराने खूप पुढे आलो, विचारांनी किती आलो, हे ज्याचं त्याने ठरवावं.

आपल्याला काय वाटतं? जरूर कळवा.