दाढ ठणकली की मिश्री नको
दसऱ्यानंतर धारूर तालुक्यातून टोळ्या ऊसतोडीला निघतात, तेव्हा किडलेली दाढही सोबत फडावर जाते. ठणका लागला की हिरडीला मिश्री लावायची, ही जुनी सवय. भाजलेल्या तंबाखूने घटकाभर बधिर वाटते, पण कीड आत पोखरतच राहते, हिरडी दात सोडते. कर्करोगाचा धोका वेगळाच. त्यापेक्षा कापसाच्या बोळ्यावर लवंगतेलाचा एक थेंब घेऊन दाढेत धरावा, कोमट मिठाच्या पाण्याने चुळा भराव्यात. हा तात्पुरता आराम. खरा इलाज म्हणजे कीड काढून दाढ भरणे, फार खोल गेली असेल तर रूट कॅनाल. मुकादमाकडून उचल घेण्याआधीच दाढ दाखवून घ्यावी. धारूरकरांना अंबाजोगाईचे सरकारी रुग्णालय जवळ आहे. फडावर गाल सुजला, ताप आला किंवा तोंड उघडेना, तर मुकादमाने कितीही कुरकुर केली तरी त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.